गळाची मासेमारी व नदीकाठचा मुक्काम (नाशिक जिल्हा)

नदीच्या काठी एक-दोन रात्री तंबू ठोकून राहायचे आणि जाळे न लावता गळ, दोर व आमिष यांवर मासे धरायचे, असा हा जोडछंद. नाशिक जिल्ह्यात तो गिरणा, मोसम, दारणा, कादवा आणि गोदावरी या नद्यांवर व त्यांच्या धरणांच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साचलेल्या पाण्यावर, चालतो. पोटासाठी मासे धरणाऱ्या कोळी, भोई व भिल्ल समाजांत गळ जुनाच आहे. रॉड-रील आणि तंबू घेऊन येणारा शहरी हौशी माणूस त्या मानाने कालचा, आणि काठावरच्या जुन्या माणसाकडून शिकण्यासारखे त्याच्यापाशी पुष्कळ उरते.

नदी आणि वाळवंट. मराठीत वाळवंट म्हणजे आधी नदीचा वाळूचा काठ, रखरखीत मुलूख हा अर्थ नंतरचा. गिरणेच्या काठी दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात. सुरगाणा तालुक्यात केम डोंगराच्या बाजूला उगम पावलेली ही नदी कळवण, देवळा, मालेगाव असा पूर्वेचा रस्ता धरते आणि थोड्याच अंतरात पर्जन्यछायेत शिरते. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर मालेगाव, येवल्याकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे काळा कातळ, बाभळी, उघडे डोंगर आणि मधून पाण्याची एक हिरवी रेघ असा देखावा तयार होतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील डेशुट्स नदीचे खोरेही असेच डोंगररांगेच्या पर्जन्यछायेत आहे. ट्राउट माशासाठी तिथे जगभरातून माणसे जातात. फरक पाण्याच्या मुळाशी आहे. डेशुट्सला बर्फाचे आणि झऱ्यांचे थंड पाणी बाराही महिने पुरते. गिरणेला चार महिन्यांचा पाऊस आणि पुढे धरणाची मेहेरबानी.

ट्राउट इथे का नाही. हा प्रश्न दर हंगामात कोणीतरी विचारतोच. ट्राउट १० ते १६ अंश सेल्सियसच्या पाण्यात नीट खातो-वाढतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की तो खाणे कमी करतो आणि २५ च्या आसपास मरू लागतो. कारण नुसती उष्णता नव्हे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. निफाडला पारा कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो खरा, पण ती थंडी पहाटेची. दुपारी पुन्हा ऊन चटकते, आणि धरणाच्या तळाचे पाणीही ट्राउटला मानवेल इतके गार होत नाही. भारतात ट्राउट टिकला तो काश्मीर, हिमाचलातील कुलू खोरे, निलगिरी आणि मुन्नारचे डोंगर अशा उंच, थंड जागी, तोही परदेशातून आणून सोडलेला. नाशिकात ट्राउटची हौस भागवायची तर तंत्र तेच ठेवून मासा बदलावा लागतो.

आवर्तन. इथल्या गळवाल्याने पंचांगापेक्षा आवर्तनाचे, म्हणजे धरणातून पाळीपाळीने पाणी सोडण्याचे, वेळापत्रक पाहावे. चणकापूर धरणातून (१९११) पिण्यासाठी व शेतीसाठी सोडलेले पाणी गिरणेच्या पात्रातूनच खाली जाते. दारणा धरणाचे (१९१६) पाणीही नदीतून नांदूर मध्यमेश्वरला पोहोचते आणि तिथून कालव्यांत वळते. म्हणजे जानेवारीत कोरडीठाक दिसणारी नदी दोन दिवसांत कमरेइतकी वाहू लागते, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा डोहांपुरती उरते.

मासे या चढउतारावर चालतात. पाणी सुटल्यावर पहिला लोंढा गढूळ, पालापाचोळा घेऊन येतो. त्या दिवशी गळ टाकण्यात अर्थ नसतो, दोराला कचरा लागतो आणि गळाला तळाशी धरणारे शिशाचे वजन वाहून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी निवळू लागले की मासा काठाला, नव्याने बुडालेल्या गवताकडे येतो. निवळ ओळखायची सोपी रीत आहे. गुडघाभर पाण्यात उभे राहावे. पायाची बोटे अंधुक दिसली तर पाणी उत्तम. अजिबात दिसली नाहीत तर वासाचे आमिष तळाशी लावावे. नखे मोजता येण्याइतके स्वच्छ असेल तर दोर बारीक घ्यावा आणि स्वतःची सावली पाण्यावर पडू देऊ नये. आवर्तन बंद होऊन पाणी झपाट्याने उतरू लागले की मासा घाबरून डोहात बसतो. तो दिवस स्वयंपाकाला चांगला.

ऋतूंचा हिशेब त्यानंतर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदी निवळते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर उठून उपयोग नाही, ऊन अंगावर आल्यावर अकरा ते चार हीच वेळ. फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगले. एप्रिल-मेमध्ये पहाट आणि दिवेलागण. जून-जुलैत चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जाणारे, मासे अंड्यांनी भरलेले असतात, त्यांच्या वाटेवर गळ लावू नये. ते पोटभर मिळतात म्हणून मोह होतो, पण पुढच्या वर्षीचे पाणी रिकामे करण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

मासे. धरणांच्या फुगवट्यात रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प), बहुतेक बीज सोडून वाढवलेले. चिलापी (तिलापिया) सगळीकडे, नको तितकी. मरळ शेवाळ आणि पाणगवताच्या कडेला दबा धरून बसते. ती हवेतूनही श्वास घेत असल्याने अधूनमधून वर येते आणि पाण्यावर बुडबुडा सोडून जागा दाखवते. वाम कातळाच्या कपारीत, शिंगाळा खोल डोहाच्या तळाशी. महसीर, म्हणजे खडस, हा दख्खनच्या नद्यांचा मानाचा मासा. मुळा-मुठेच्या पाण्यावरून कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तो खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात राहतो. बंधाऱ्यांनी वाहती धार तोडल्यापासून तो इथे विरळाच. लागलाच तर सोडून द्यावा.

साहित्य आणि आमिष. दोन ते अडीच मीटरचा रॉड, मध्यम रील, ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनचा दोर), ४ ते ६ क्रमांकाचे गळ आणि २० ते ४० ग्रॅमचे शिसे यावर रोहू-मृगळाचे बहुतेक काम भागते. चिलापीला १० क्रमांकाचा लहान गळ, गांडुळाचा तुकडा आणि ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तरंगा पुरे. रॉडच्या टोकाला घुंगरू बांधतात. रात्री डोळ्यांपेक्षा कान कामाचा.

कणकेचा गोळा दिसायला सोपा असतो आणि नवख्याचे बहुतेक अपयश त्यातच असते. दोन वाट्या कणीक, एक वाटी बारीक केलेली शेंगदाणा पेंड, अर्धी वाटी भाजलेल्या डाळ्याचे पीठ, चमचाभर भाजून कुटलेली मेथी. पाणी हळूहळू घालून पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळावे. मळताना चिमूटभर कापूस पिंजून त्यात मिसळावा. त्याचे तंतू गोळा धरून ठेवतात, नाहीतर फेकताना गोळा एकीकडे आणि गळ दुसरीकडे जातो. सुपारीएवढा गोळा लोट्यातल्या पाण्यात टाकून पाहावा. पाच मिनिटांत विरला तर सैल झाला आहे. अर्ध्या तासानेही तसाच राहिला तर फार घट्ट आहे आणि झटका दिला तरी गळाचे टोक त्यातून बाहेर येणार नाही. पंधरा-वीस मिनिटांत कडेने सुटू लागणारा गोळा बरोबर. पेंड खवट झालेली चालते, बुरशी आलेली नाही. हाताला साबण, तंबाखू किंवा डासांचे मलम लागले असेल तर आधी मातीने हात चोळून धुवावेत.

मरळीला कणीक कळत नाही. तिला जिवंत हालचाल लागते, म्हणून रबरी बेडूक गवताच्या कडेवरून थांबत-थांबत ओढतात. तिने घेतल्यावर लगेच झटका दिला तर बेडूक तोंडातून निसटतो. दोर ताणला जाईपर्यंत दोन आकडे मोजावेत.

गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडा तंगूस घर्षणाने तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मोठा मासा तुटून गेला की दोर अनेकदा गाठीतच तुटलेला दिसतो. रीलचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला दोर सुटेल असा सैल ठेवावा. रोहू पहिली धाव डोहाच्या मध्याकडे घेतो, तेव्हा ओढाताण न करता दोर द्यावा. तो वळला की रॉड उभा धरून दोर गुंडाळत आणावा. काठाजवळ जाळीची टोपली असावी, कारण नुसत्या दोराने वर उचलताना ओठ फाटतो. शिंगाळ्याला खालून-मागून धरावे. त्याच्या पाठीवरचा व बाजूचे काटे विषारी असतात आणि टोचले की कोपरापर्यंत ठणका लागतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवल्यास तो उतरतो.

तळ. तंबूची जागा पाण्याच्या जवळिकीवरून नव्हे, पुराच्या खुणेवरून ठरवतात. काठच्या बाभळींच्या फांद्यांत प्लॅस्टिक, काडीकचरा जिथवर अडकलेला दिसतो तिथवर नदी येऊन गेलेली असते. त्या रेषेच्या वर जावे. वाळूचे बेट कितीही मऊ दिसले तरी तिथे झोपू नये: आवर्तन रात्री सुटले तर परतीची वाट आधी बुडते, बेट नंतर. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवावा आणि झोपण्यापूर्वी, व रात्री जाग येईल तेव्हा, तो पाहावा. दगड बुडाला असेल तर सामान आवरायला घ्यावे.

काळी माती टाळावी. ती कोरडी असताना भेगाळलेली, खुंट्या न धरणारी, आणि थोडे पाणी लागले की चिखल होऊन बूट सोडत नाही. मुरमाड उंचवटा चांगला. वाळूत खुंटी टिकत नाही, म्हणून हातभर काठी आडवी पुरून तिला तंबूची दोरी बांधतात. शेकोटी करायचीच तर पात्रातल्या उघड्या वाळूत. फेब्रुवारीनंतर काठचे गवत ठिणगीलाही पुरते, तेव्हा स्टोव्हच बरा. पिण्याचे पाणी माणशी रोज चार-पाच लिटर बरोबर न्यावे. नाशिक शहराच्या खालची गोदावरी सांडपाणी आणि जलपर्णी घेऊन वाहते; तिथले पाणी पिऊ नये आणि मासाही खाण्यासाठी धरू नये.

पात्रात उतरताना वाळू उपशाचे खड्डे हा सर्वांत मोठा धोका. वरून पाणी सपाट दिसते, आणि मांडीभर पाण्यातून पुढचे पाऊल डोक्यावरच्या पाण्यात पडते. काठीने तळ चाचपल्याशिवाय पुढे जाऊ नये. रात्री एकट्याने उतरूच नये. दगडगोट्यांच्या जागी फुरसे आणि विंचू असतात. बूट झटकूनच घालावेत आणि सरपण उचलताना आधी काठीने हलवावे. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, अवयव न हलवता १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. निफाड, सिन्नरकडे उसाला लागून तळ टाकू नये, तो बिबट्याचा मुक्काम असतो. माशांची आतडी तंबूपाशी टाकणे म्हणजे त्याला आणि कुत्र्यांना आवतण.

परवानगी. धरणांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. गळ एकच असला तरी आधी त्यांना विचारावे. कित्येकदा थोड्या पैशांत होकार मिळतो आणि मासा कुठे बसला आहे हेही कळते. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आणि राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, (२०२०) आहे. तिथे गळ टाकता येत नाही. देवळालीच्या लष्करी सराव क्षेत्राकडे फिरकू नये. धरणाची भिंत, दरवाजे आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांच्याजवळ तळ टाकत नाहीत. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

मासा साफ करणे. चिलापी, रोहूचे खवले शेपटीकडून डोक्याकडे, सुरीच्या बोथट बाजूने काढतात. वाम हातातून निसटते, म्हणून तिला चुलीतली राख चोळतात. बुळबुळ राखेत उतरते आणि पकड बसते. पोट फाडताना पित्ताची हिरवट पिशवी फुटू देऊ नये, फुटलीच तर तेवढा भाग कापून टाकावा, धुऊन कडवटपणा जात नाही. उन्हात मासा दोन तासांत मऊ पडतो. बर्फ नसेल तर आतडी काढून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, वारा लागेल अशा सावलीत टांगावा. रश्शाला काळा मसाला, सोबत बाजरीची भाकरी. चिलापी मात्र नुसते मीठ, हळद, तिखट लावून तव्यावर कडक करावी, तिला रस्सा सोसत नाही.