ऑनलाइन दुकान काढताय? नोंदणी, कागदपत्रं आणि ग्राहकाचे हक्क

आपली स्वतःची वेबसाइट नाही, नुसतं इन्स्टाग्रामवर विकतो, म्हणजे ई-कॉमर्सचे नियम आपल्याला लागू नाहीत, अशी समजूत बऱ्याच जणांची असते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधली व्याख्या मात्र ऐसपैस आहे. डिजिटल नेटवर्कवरून होणारी वस्तू-सेवांची कुठलीही खरेदी-विक्री तीत बसते. घरातला जुना सोफा एकदा विकलात तर कोणी विचारणार नाही. नियमितपणे, धंदा म्हणून विकत असाल तर 23 जुलै 2020 पासूनचे ई-कॉमर्स नियम तुम्हालाही पाळावे लागतात.

खरा गोंधळ जीएसटीचा. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वार्षिक 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. ही सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे, हे मात्र निसटतं. कोल्हापुरातून बेळगावला पार्सल गेलं की ती आंतरराज्य विक्री झाली, मग उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी हवीच (ठरावीक हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे). ॲमेझॉनसारख्या मार्केटप्लेसवरून फक्त स्वतःच्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदणीविना विक्री करता येते, पण जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. माझं मत विचाराल तर वेबसाइट काढणाऱ्याने नोंदणी करूनच टाकावी. ऑर्डर कुठून येईल हे आपल्या हातात नसतं.

अर्ज जीएसटी पोर्टलवर, आरईजी-01 या फॉर्ममध्ये होतो. सरकारी फी शून्य. आधी पॅन, मोबाइल आणि ईमेल ओटीपीने पडताळले की तात्पुरता क्रमांक मिळतो, उरलेला भाग 15 दिवसांत भरायचा. पॅन, आधार, फोटो आणि बँक खात्याचा पुरावा सहज जमतो. अर्ज अडतो तो जागेच्या कागदावर. घराचाच पत्ता देताय आणि वीजबिल वडिलांच्या नावावर आहे, तर बिलासोबत त्यांचं संमतीपत्र जोडा. भाड्याची जागा असेल तर करारनामा लागतो, आणि त्यावरचा पत्ता अर्जातल्या पत्त्याशी अक्षरशः जुळायला हवा. अधिकाऱ्याने शंका काढली तर उत्तराला कामाचे 7 दिवस मिळतात. ती नोटीस पोर्टलवर येते, म्हणून अर्ज केल्यावर लॉगिन करून बघत राहा.

बाकीचे परवाने मालावर अवलंबून. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना, मग ते घरच्या स्वयंपाकघरात का बनवलेले असेनात. स्वतः पॅकिंग करून विकत असाल तर वैधमापन (वजन-मापांच्या) विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी. शॉप ॲक्टखाली, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखाली, मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला महाराष्ट्रात ऑनलाइन सूचना देऊन भागतं. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी ऐच्छिक आणि फुकट आहे, तिचे पैसे मागणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

आता वेबसाइट. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं आणि साइटवर पत्ता म्हणून नुसता एक व्हॉट्सॲप नंबर, हे चित्र फार दिसतं. नियमांनुसार व्यवसायाचं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ईमेल, फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पद व संपर्क ठळक दिसला पाहिजे. छोट्या दुकानात हा अधिकारी म्हणजे बहुधा मालकच. तक्रार आल्यावर 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. प्रत्येक पाकीटबंद वस्तूखाली उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा नग, सर्व करांसह कमाल किंमत आणि आयात माल असेल तर मूळ देश लिहायचा.

पैसे भरण्याचं पान एकदा ग्राहक होऊन तपासा. 'ऑफर्स पाठवा' या चौकटीत आधीच टिक केलेली असेल तर ती काढा. संमती ग्राहकाने स्वतः द्यायची असते. शेवटच्या स्क्रीनवर अचानक उगवणारा पॅकिंग चार्ज, न मागता टोपलीत पडलेली वस्तू, खोटं 'फक्त 2 शिल्लक' हे सगळं केंद्राच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलेल्या 13 फसव्या क्लृप्त्यांपैकी आहे. स्वतःच ग्राहक बनून लिहिलेले रिव्ह्यूही चालत नाहीत. आणि 'नो रिटर्न, नो रिफंड' ही पाटी? माल सदोष, नकली किंवा वर्णनापेक्षा वेगळा निघाला तर तिचा काही उपयोग नाही, तो परत घ्यावाच लागतो.

ग्राहक 1915 या हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो किंवा सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर त्याला फी लागत नाही. शिवाय तो स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा लावू शकतो, म्हणजे नाशिकच्या विक्रेत्याला गुवाहाटीची नोटीस येऊ शकते. दाव्याची मुदत 2 वर्षांची आहे. तेवढा काळ ऑर्डर, बिल, कुरियरची पोच आणि ग्राहकाशी झालेलं चॅट डिलीट करू नका. जीएसटीचे हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात.