सँटियागो ते ब्युनोस आयर्स: विमान दोन तासांचं, मग दिवस मोकळा का?

साऊथ अमेरिकेचा प्लॅन हातात पडला की बहुतेकांचा पहिला फोन चिलीतलं सँटियागो ते अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स ह्याच ओळीवरून येतो, "दोन तासांचं तर विमान आहे हो, मग अख्खा दिवस मोकळा का सोडलाय?" म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

हवाई अंतर साधारण 1,140 किलोमीटर, वेळ दोन तासांच्या आतबाहेर. उलट सँटियागोला येताना वारा समोरून असतो म्हणून थोडा जास्त. मेंडोझामार्गे बसही आहे पण तिला वीसेक तास लागतात, आणि तिकडच्या हिवाळ्यात म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये बर्फ पडला की अँडीज डोंगरातला घाट बंद होतो, त्यामुळे आम्ही बस देत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांचा अजून एक प्रश्न, जाताना तीन तास आणि येताना दीडच तास कसे? तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. एप्रिल ते सप्टेंबरची सुरुवात, एवढे महिने चिलीचं घड्याळ अर्जेंटिनाच्या एक तास मागे चालतं, बाकी वर्षभर दोघांचं सारखंच, दिवाळीत जाणाऱ्यांना हा घोळ नाही. वजाबाकी करत बसू नका, तिकिटावर ड्युरेशन छापलेलं असतं ते बघा.

आता जिथे खरा वेळ जातो ते. ब्युनोस आयर्सला विमानतळ दोन आहेत. एझेइझा शहराबाहेर, युरोप-दुबईकडची लांबची विमानं तिथून. एरोपार्के शहरातच, नदीकाठी, इग्वासू धबधब्याकडची आणि दक्षिण टोकाच्या उशुआयाची बहुतेक विमानं तिथून. सँटियागोचं विमान दोन्हीकडे उतरतं, आणि ऑनलाइन शोधताना नुसतं ब्युनोस आयर्स टाकलं तर दोन्ही एकाच यादीत दिसतात! लोक स्वस्तातलं बघून एरोपार्केचं घेतात, पुढचं घरी यायचं विमान एझेइझाहून, मध्ये तीन तास, वाटतं भरपूर आहेत. पण इमिग्रेशन, बॅगा घेणं, मग चाळीसेक किलोमीटर टॅक्सी, ट्रॅफिक लागला तर दीड तास तिथेच, आणि पुन्हा चेक-इनची रांग. तिकिटं वेगवेगळी काढलेली असली की पुढचं विमान चुकल्यावर एअरलाइन हात वर करते, नवीन तिकीट तुमच्या खिशातून. एजंट उगाच हॉटेलची रात्र वाढवतात असं काहींना वाटतं, वाटू दे, त्या एका रात्रीचं भाडं नव्या तिकिटापुढे काहीच नाही. तिकिटावर ईझेडई म्हणजे एझेइझा आणि एईपी म्हणजे एरोपार्के, एवढं तपासलं तरी निम्मं काम झालं.

उलट दिशेने, म्हणजे चिलीत शिरताना, खाण्याच्या वस्तू फॉर्मवर लिहाव्याच लागतात. लाडू, लोणचं, बिया, फळं, काहीही असो, आहे म्हणून सांगा. सांगितलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड. ह्या तपासणीलाही वेळ धरा.

ब्युनोस आयर्सला जाताना डावीकडची खिडकी मागा, आकाश स्वच्छ असेल तर अँडीज ओलांडताना 6,961 मीटर उंचीचं अकोन्काग्वा शिखर त्या बाजूला दिसतं. तिथे विमान हलतं बरं का, डोंगरावरच्या वाऱ्यामुळे, पट्टा सोडू नका.

आमच्या पॅकेजमध्ये विमानतळ जुळवूनच तिकिटं असतात. स्वतः काढणार असाल तरी पैसे भरायच्या आधी स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाका, बघून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.