मराठी भाषा-संच (विंडोज ७ व एक्सपी)

संगणकाचे मेनू, बटणे आणि सूचना मराठीत दाखवणारी ही जोड-फाइल असते. टाइप केलेल्या मजकुराशी तिचा संबंध नसतो. लातूर-नांदेडच्या डीटीपी दुकानांत किंवा परभणीकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत हे आधी सांगणे गरजेचे ठरते, कारण संच टाकला की श्रीलिपीतली (जुन्या मराठी फाँट-प्रणालीतली) फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, वाचता येईल, असा समज असतो. तसे होत नाही. ते काम फाँट कन्व्हर्टरचे.

विंडोज ७ मध्ये पूर्ण भाषा-पॅक फक्त अल्टिमेट व एंटरप्राइज आवृत्त्यांना चालतात. मराठीसाठी आहे तो 'लँग्वेज इंटरफेस पॅक'. तो इंग्रजी विंडोजवर बसतो आणि नेहमी लागणाऱ्या भागांचेच भाषांतर करतो, त्यामुळे खोलवरच्या काही खिडक्या इंग्रजीच राहतात. हा दोष समजून संच पुन्हा पुन्हा टाकू नये.

विंडोज ७ वर आधी विंडोज आणि पॉज या कळा एकत्र दाबून मशीन ३२ बिट आहे की ६४, ते पाहावे; संच त्याच जातीचा लागतो. अपडेट अर्धवट असतील तर मशीन रीस्टार्ट करून ते पुरे होऊ द्यावेत. मग ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून संचाच्या एमएलसी (.mlc) फाइलवर डबल क्लिक करावे, किंवा रनमध्ये एलपीकेसेटअप (lpksetup) ही आज्ञा देऊन फाइल दाखवावी. जुन्या मशीनवर प्रगती दाखवणारी पट्टी बराच वेळ जागची हलत नाही, म्हणून घाईने बंद करू नये. भारनियमनाची वेळ टाळावी आणि यूपीएसची बॅटरी तपासूनच बसावे; मध्येच वीज गेली तर सिस्टिम फाइली अर्धवट राहू शकतात. रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाल्यास मशीन आधीच्या स्थितीत नेणारी नोंद) आधीच करून ठेवलेला बरा.

पुढे कंट्रोल पॅनलमधील 'रीजन अँड लँग्वेज'च्या 'कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस' टॅबमध्ये मराठी निवडून लॉग ऑफ करावे. ही निवड त्या खात्यापुरतीच असते. स्वागत-पडदा व नवी खातीही मराठीत हवी असतील तर 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबमधून सेटिंग कॉपी करावी लागते. त्याच टॅबमधले सिस्टिम लोकेल (युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमांसाठीची भाषा) मात्र इंग्रजीच ठेवावे. जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून चालतात, आणि लोकेल बदलले की असे प्रोग्रॅम बिघडण्याचा धोका असतो. तारखेचा फॉरमॅटही 'इंग्लिश (इंडिया)' ठेवावा, नाहीतर एक्सेलमध्ये महिन्यांची नावे मराठी होतात. ऑफिसचे मेनू यातून बदलत नाहीत. त्याचा संच वेगळा.

एक्सपीवर एक वेगळी पायरीही लागते. 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची (देवनागरीसारख्या लिप्यांच्या आधाराची) खूण करावी लागते आणि एक्सपीच्या सीडीतले आय३८६ फोल्डर मागितले जाते. ही खूण नसेल तर वेलांट्या चुकीच्या जागी जातात, जोडाक्षरे सुटतात. फाँटच नसेल तर चौकोन दिसतात.

दुरुस्तीवाला फोनवरून इंग्रजी मेनू सांगू लागला, तर विंडोज ७ मध्ये 'कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस' टॅबमधून इंग्रजी निवडून लॉग ऑफ केले की पुरे. संच काढण्याची गरज नाही. काढायचाच असेल तर विंडोज ७ वर एलपीकेसेटअपमधूनच काढावा.