व्हॅनमधून मुलं पळवतात, हीच का मानवी तस्करी?

एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: अनोळखी लोक व्हॅनमधून येतात, मुलं उचलतात आणि विकतात, त्यातही बालगृहासारख्या संस्थेत किंवा फॉस्टर घरात (तात्पुरतं सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) राहणारी मुलं आधी. भीती वाटणं साहजिक आहे आणि अपहरण कधीच होत नाही असंही नाही, पण तस्करी बहुतेक वेळा अशी होत नाही.

जाळ्यात ओढणारा बरेचदा ओळखीचाच असतो, नातेवाईक, मित्र, बॉयफ्रेंड नाहीतर ऑनलाइन भेटलेला कुणीतरी. ज्या मुलाची घरं सारखी बदलतात, ज्याला हक्काचं माणूस नाही, त्याला हा आधी वेळ देतो, मोबाइल घेऊन देतो, राहायला जागा देतो आणि मग हळूहळू ते सगळं वसूल करायला लागतो. म्हणून असं मूल पळून गेलं की 'उनाडच आहे' म्हणून सोडून देतात ना, खरा धोका तिथे असतो. संस्थेत राहायचं वय पूर्ण झालं की तिचा आधार सुटतो, तो काळही तसलाच.

'पण ती तर स्वतःच्या मर्जीने गेली' हेही ऐकू येतं. २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलचं, म्हणजे मानवी तस्करीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं, कलम ३ नेटवर आहे, वाचून बघा. १८ वर्षांखालच्या मुलाला शोषणासाठी नेलं किंवा नुसतं ठेवून घेतलं तरी ती तस्करीच, जबरदस्ती झाली की नाही हा प्रश्नच येत नाही.

फॉरवर्डमध्ये तारीख, ठिकाण, पोलिस स्टेशन दिलंय का ते बघा, फोटो इमेज सर्चला टाका, जुनाच निघतो बरेचदा. आणि मुलाकडे अचानक महागड्या वस्तू, लपवलेला दुसरा फोन किंवा वयाने बराच मोठा 'मित्र' दिसला तर न ओरडता बोला, चाइल्ड हेल्पलाइनला कळवा.