बैल मोठा, पण रक्तपेशी बेडकाची मोठी

‘जनावर जेवढं मोठं, तेवढ्या त्याच्या रक्तपेशी मोठ्या,’ असं सांगणारा मेसेज गावातल्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो. धुऱ्यावरचा बेडूक आणि वखराला जुंपलेला बैल डोळ्यांसमोर आणला की ते पटतंही. पण खरं तसं नाही.

आधी मापं पाहू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाची तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, बैलाची ५ ते ६, बकरीची जेमतेम ३ ते ४. बेडकाची मात्र सुमारे २२ मायक्रॉन लांब आणि १५ रुंद! अमेरिकेतल्या ॲम्फियुमा या उभयचराची तर ७० मायक्रॉनच्या आसपास जाते.

असं का? मोठं शरीर मोठ्या पेशींनी नाही, जास्त पेशींनी बनतं. पेशीच्या आकाराचा संबंध तिच्यातल्या डीएनएच्या प्रमाणाशी असतो, आणि अनेक उभयचरांत ते भरपूर असतं. शिवाय बेडकाच्या तांबड्या पेशीत केंद्रक, म्हणजे डीएनए सांभाळणारा पेशीचा गाभा, शेवटपर्यंत राहतं. सस्तन प्राण्यांत पेशी पक्व होताना ते बाहेर टाकलं जातं, म्हणून आपली पेशी दोन्ही बाजूंनी दबलेल्या गोल चकतीसारखी, तर बेडकाची लांबट अंडाकृती. (उंटाची पेशीही अंडाकृतीच, पण केंद्रकाशिवाय.)

पडताळायला बेडूक पकडू नका, त्याला इजा कशाला? तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तयार स्लाइड असतात. माणसाची आणि बेडकाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठी करून पाठोपाठ पाहा. बेडकाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत मधोमध गडद ठिपका दिसेल, तेच केंद्रक.