पार्श्वभूमी : रॉकीचा गोल्डनरॉड, नोंद मात्र लॅब्राडोरची

पुष्पगुच्छात मधली जागा भरायला ज्या पिवळ्या तुऱ्यांच्या छड्या खोचतात, त्या गोल्डनरॉडचा हा डोंगरी भाऊबंद. उंच माथ्यावर तो जेमतेम वीतभर वाढतो आणि जुलै ते सप्टेंबरात फुलतो. सोलिडॅगो मल्टिरेडिएटा हे त्याचं शास्त्रीय नाव. लोक त्याला उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रॉकी पर्वताचा म्हणतात, पण शास्त्रात त्याची पहिली नोंद झाली ती खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या, पूर्व कॅनडातल्या लॅब्राडोरच्या झाडावरून. लंडनजवळच्या क्यू उद्यानाची जी वनस्पतीसूची विल्यम एटन यांनी १७८९ मध्ये छापली, तिच्यात हे नाव आहे. युरोपची जहाजं पूर्व किनाऱ्याला लागत. रॉकीपर्यंत वनस्पतीशास्त्रज्ञ पोचायला अजून अवकाश होता.

एकच फूल अलास्का, लॅब्राडोर, रॉकीची शिखरं आणि कॅलिफोर्नियाची सिएरा नेवाडा अशा लांब-लांबच्या जागी कसं? मला यातला खरा रस इथेच वाटतो. डार्विन यांनी १८५९ मध्ये अशा वनस्पतींबद्दल एक उत्तर मांडलं होतं : हिमयुगात थंडी दक्षिणेकडे सरकली तशी उत्तरेची झाडंही सरकली, पुढे हवा तापली तेव्हा काही उत्तरेला परतली, काही डोंगर चढून माथ्यावर राहिली.

१८७७ मध्ये क्यूचे तेव्हाचे संचालक जोसेफ हूकर आणि हार्वर्डचे वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे रॉकीची वनश्री पाहायला कोलोरॅडोत गेले, तिथून कॅलिफोर्नियापर्यंत. ग्रे यांच्याच नावाच्या, ४,३५० मीटरच्या शिखरावरही ते चढले. दोघेही डार्विन यांचे स्नेही, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या घरचाच होता. (हे हूकर आपल्याला परके नाहीत. सह्याद्रीच्या पठारावर सप्टेंबरात पसरणारी सोनकी बरीच वर्षं ज्या शास्त्रीय नावाने ओळखली गेली, ते त्यांनीच दिलेलं. सोनकी आणि गोल्डनरॉड एकाच सूर्यफूल कुळातले.) पुढे ग्रे यांनी रॉकीच्या गोल्डनरॉडला 'स्कोप्युलोरम' हा वेगळा उपप्रकार ठरवलं.

गवतज्वराचा, म्हणजे परागांच्या अ‍ॅलर्जीने येणाऱ्या शिंका-सर्दीचा, आळ गोल्डनरॉडवर उगाच येतो. त्याचे पराग जड आणि चिकट, ते कीटकांच्या अंगाला लागून जातात. वाऱ्यावर उडतात ते त्याच सुमाराला फुलणाऱ्या रॅगवीड या तणाचे.

ओळखायचं असेल तर खालच्या पानांचे देठ बघावेत. त्यांच्या कडेला पापण्यांसारखी लव असते. सारख्या दिसणाऱ्या सोलिडॅगो सिम्प्लेक्स या दुसऱ्या गोल्डनरॉडला ती नसते.