अमळनेरचे शेअर आणि डिव्हिडंड यील्डचा हिशोब

खानदेशात पैसा गुंतवायचा म्हणजे शेत नाहीतर जळगावच्या सराफ बाजारातलं सोनं, ही जुनी रीत. तापी खोऱ्यातल्या अमळनेरने त्यात शेअरची भर घातली. मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर 1945 मध्ये इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण हा तिचा माल. 1946 मध्ये शेअर लोकांना विकायला काढले, तेव्हा गावातल्याही काही घरांनी ते घेतले. 1966 मध्ये वडील गेले आणि अझीम प्रेमजींनी शिक्षण अर्धवट सोडून कारभार हाती घेतला. 1977 मध्ये कंपनीच्या नावात विप्रो आलं आणि पुढे 1980 च्या दशकात ती संगणकांकडे वळली.

अमळनेरच्या श्रीमंतीच्या गोष्टी सांगताना लोक बोनसवर, म्हणजे जुन्या शेअरमागे फुकट मिळणाऱ्या नव्या शेअरवर, फार भर देतात. 1997 च्या सुरुवातीला कोणाकडे 100 शेअर असते, तर त्या वर्षीच्या एकास दोन बोनसने ते 300 झाले. 1999 मध्ये दर्शनी किंमत, म्हणजे शेअरवर छापलेली किंमत, 10 वरून 2 रुपयांवर आली, एकाचे पाच होऊन 1,500 झाले. पुढे 2004, 2005, 2010, 2017, 2019 आणि 2024 चे बोनस धरले की आकडा 80,000 वर जातो. मात्र बोनसच्या दिवशी भाव त्याच प्रमाणात उतरतो. भाकरीचे तुकडे वाढले म्हणून भाकरी मोठी होत नाही. वाढला तो धंदा आणि त्याचा नफा. बोनस ही फक्त त्याची वाटणी.

डिव्हिडंडचा, म्हणजे नफ्यातून शेअरमागे मिळणाऱ्या लाभांशाचा, घोळ इथेच होतो. कंपन्या लाभांश बऱ्याचदा दर्शनी किमतीच्या टक्क्यांत सांगतात. जानेवारी 2025 मध्ये विप्रोने शेअरमागे 6 रुपये जाहीर केले, म्हणजे 2 रुपयांच्या दर्शनी किमतीवर 300 टक्के. ऐकायला केवढं! पण यील्ड काढताना वर्षाच्या लाभांशाला बाजारभावाने भागायचं असतं. भाव तेव्हा 300 च्या आसपास होता, म्हणजे यील्ड साधारण 2 टक्के. बँकेच्या ठेवीपुढे हे काहीच नाही. पण 80,000 शेअरवाल्या घरात तेच 4 लाख 80 हजार रुपये येतात, आणि मूळ खरेदीच्या मानाने ही रक्कम अवाढव्य. दोन्ही हिशोब बरोबरच. फक्त आज नव्याने शेअर घेणाऱ्याला पहिलाच उपयोगाचा, आणि आजोबांचा यील्ड सांगून नातवाला शेअर घ्यायला लावणं ही शुद्ध फसवणूक.

आदल्या वर्षीचा लाभांश शेअरमागे फक्त 1 रुपया होता, पण 2023 मध्ये कंपनीने 12,000 कोटींचे स्वतःचे शेअर परत विकत घेतले होते. म्हणून एका वर्षाच्या यील्डवर भरवसा ठेवू नये. शिवाय भाव कोसळला की जुन्या लाभांशावर काढलेला यील्ड आपोआप फुगतो. जळगावच्याच जैन इरिगेशनची कर्जफेड 2019 मध्ये थकली, तेव्हा शेअरचा भाव किती लवकर वितळू शकतो हे जिल्ह्याने जवळून पाहिलं.

करही बदलत गेला. 1997 पासून, मधलं एक वर्ष सोडलं तर, लाभांशावरचा कर कंपनीच भरायची. एप्रिल 2020 पासून तो शेअरधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि एका कंपनीकडून वर्षाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त लाभांश मिळाला तर 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून उरलेली रक्कम खात्यात येते. एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 10,000 रुपये आहे.

जुन्या कागदी सर्टिफिकेटांचं काय? एप्रिल 2019 पासून डिमॅट केल्याशिवाय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात घेतल्याशिवाय, ते शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. ते परत मागता येतात, पण वारसनोंद, सह्यांची पडताळणी आणि अर्ज यांच्या मागे लागावं लागतं. शिवाय 2013 मध्ये साबण-तुपाचा धंदा वेगळा निघाला. अमळनेरचा मूळ कारखाना आज विप्रो एंटरप्रायझेसकडे आहे आणि ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेलीच नाही.